परतीचा धूर

बोगद्याच्या मधोमध गाडीने हिसका दिला. फार मोठा नव्हता. शेजारी बसलेल्या आईच्या मांडीवरची पिशवी घसरून पायाशी पडली, एवढंच. पण मागोमाग दुसरा आला, आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर एकाएकी पोकळ झाला; दाबला काय, सोडला काय, गाडीला त्याचं काहीच नव्हतं. चढ होता. वेगाचा काटा मान टाकल्यासारखा खाली येऊ लागला. तिने आरशात पाहिलं तर मागच्या ट्रकचे दिवे दिसेनात. तिथे काळा पडदा होता, आणि तो आपल्याच गाडीतून निघतोय हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला. मग पडद्याआडून लांबलचक हॉर्न वाजला आणि बोगद्याच्या भिंतींनी तो उचलून पुढे नेला.

"काय झालं गं?" आईने विचारलं. आईला समोरचं नीट दिसत नसे. मधोमध एक डाग आणि त्याच्या कडेकडेने जग.

"काही नाही."

"काही नाही तर पिशवी कशी पडली?"

उत्तर द्यायला तिच्याकडे हवा नव्हती. तिने गिअर खाली आणला, आणखी खाली आणला, आणि गाडी दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी एकेक पाऊल टाकत सरकू लागली. आता बंद पडेल, तिला वाटत होतं. आता मागचा येऊन आदळेल, त्याला आपण दिसतच नसणार. आपल्याच धुरात आपण झाकले गेलो आहोत. भिंतीला लागून पिवळं जाकीट घातलेला, नाकातोंडाला फडकं बांधलेला एक झाडूवाला उभा होता आणि हात हलवून चल, पुढे चल, असं सांगत होता. गाडी त्याच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. कडेच्या आरशात तिला दिसलं, धूर त्याच्यावर गेला तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. हात मात्र हलवायचा थांबवला नाही.

बाहेर उजेडात आल्यावर तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून नाकातोंडावर धरली. ओंजळीतली हवा गरम झाली, ओली झाली, तिचीच हवा तिच्याकडे परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. हळूहळू छातीतला घोडा थांबला. पायाशी हात घालून चाचपडत आईने पिशवी उचलली, आतली औषधाची चिठ्ठी आणि पाण्याची बाटली जागेवर आहे ना पाहिलं, आणि मग म्हणाली, "बोटं थोडी उघडी ठेव. तुझे बाबा ठेवायला सांगायचे."

तिला माहीत होतं. ओंजळ बाबांचीच होती. लहानपणी ते तिघं गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे, आणि तिला संध्याकाळी अचानक असं व्हायचं: छाती भरून यायची, श्वासामागे श्वास धावू लागायचे आणि एकही पुरा पडायचा नाही. आई जिन्यातून हाक मारायची. बाबा आहेत तसे वर यायचे, हात न धुता, आणि डिझेलचा वास येणारे त्यांचे मोठे तळवे तिच्या तोंडावर घुमटासारखे धरायचे. "आपलाच घे परत. थोडा थोडा. आग कमी होईल." आग हा शब्द त्यांचा. इतर मुलांचे वडील घाबरू नकोस म्हणत असतील. हे म्हणायचे, आग कमी होईल, आणि ती खरंच कमी व्हायची. मग एकदा शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि खडसावलं, भीतीने श्वास चढला असेल तर ठीक, पण मुलीला खरा दमा असला तर अशाने एखाद दिवशी मूल हाती लागायचं नाही. बाबा रात्री जेवायला बसले तेव्हा ताटावर दोन्ही तळवे उताणे ठेवून बघत राहिले, जणू काहीतरी उसनं घेतलेलं हत्यार होतं ते. त्यानंतरही ते ओंजळ धरायचे, पण बोटांत फट ठेवून. किती फट, ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. कधी जास्त, कधी अगदी केसाएवढी.

गाडीला पुढे जोर येईना; ती ओढून परत आणण्यातच दिवस गेला आणि दवाखाना राहिला. आईच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागे, नाहीतर तो मधला डाग पसरत जातो, आणि एकदा पसरला की मागे येत नाही. फोनवर तिकडची बाई म्हणाली, परवा सकाळी या, पण त्याच्या पुढे ढकलू नका. दवाखाना बोगद्याच्या पलीकडेच होता आणि पलीकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. भाड्याची गाडी करू या असं ती म्हणून पाहत होती. "त्यांची गाडी दारात असताना?" आई म्हणाली, आणि तो विषय तिथे मिटला.

दुसऱ्या दिवशी गाडी दाखवायला अर्थात भोंगाकाकांकडेच नेली. भोंगाकाका हे बाबांचे एके काळचे भागीदार. आयुष्यभर इंजिनांच्या शेजारी उभं राहून कानाने गेलेले, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलायचे आणि कुजबुजले तरी गल्लीला ऐकू जायचं. गॅरेज तेच होतं, तिच्या लहानपणीचं. जिना तोच. वरच्या खोल्यांत आता कुणीतरी दुसरं राहत होतं. खिडकीत टॉवेल वाळत होता. ती खाली उभी राहून त्या खिडकीकडे पाहत राहिली, आणि खाली इंजिन सुरू झालं तशी तिची मान आपोआप आखडली. बाबा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले होते. तेव्हापासून हे तिला लागलंच होतं: चालू इंजिनाच्या जवळ ती आधी श्वास रोखायची आणि मग विचार करायची. घरात दिवसातून किती वेळा तरी गॅसची बटणं बघून यायची. आई दुपारी आडवी झाली की दाराशी उभी राहून पदर हलतोय का बघायची. ऑफिसात तर हसंच होत होतं तिचं. ती बोलकी पुस्तकं बनवणाऱ्या एका स्टुडिओत कामाला होती. वाचणारे वाचून जात, आणि मागे राहिलेल्या आवाजातून खोकले, चुका, खुर्चीची करकर आणि श्वास काढायचं काम तिच्याकडे. नवी होती तेव्हा तिने एका अख्ख्या कादंबरीतले सगळेच्या सगळे श्वास काढून टाकले होते. साहेबांनी थोडं ऐकलं आणि शर्टाचं वरचं बटण उघडलं. "बाई, हा माणूस बोलतोय की बुडतोय?" तेव्हापासून ती मोजके ठेवायला शिकली होती. पण बाबा गेल्यापासून काम रेंगाळत होतं. पडद्यावर श्वासाची छोटी गाठ दिसली की कात्री तिथेच थांबायची. काढावा तर अंगावर काटा यायचा, आणि ठेवावा तर पुढची सगळी दुपार तो कानात राहायचा.

"हे बघ," भोंगाकाकांनी आरोळी ठोकली. बॉनेटखालून त्यांनी मुठीएवढा एक भाग सोडवून काढला होता. "ईजीआर. चोंदलाय मेला. उघडा राहिलाय तो मिटायलाच तयार नाही." त्यांनी तो तिच्यासमोर धरला. आत काळा थर होता, ओल्या डांबरासारखा चिकट, आणि जिथून बोट जायला हवं तिथून काडी जाईना.

तो भाग तिने आधी कधी हातात घेतला नव्हता, पण ओळखत होती. लहानपणी जेवताना त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की इतर घरांत शेजाऱ्यांबद्दलसुद्धा कुणी इतकं बोलत नसेल. इंजिनाने बाहेर टाकलेला धूर पुरता बाहेर जाऊ द्यायचा नाही, थोडा वळवून परत त्यालाच पाजायचा, हे या झडपेचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला भीतीच वाटली होती. "त्याला घाण नाही वाटत?" तिने विचारलं होतं. बाबा मनापासून हसले होते. मग आमटीची वाटी इकडे आणि भाताचा ढीग तिकडे करून त्यांनी समजावलं. नुसती ताजी हवा मिळाली की आग फार भडकते. फार भडकली की हवेचंच विष होतं, तिखट, न दिसणारं, आणि ते सायलेन्सरमधून रस्त्यावर येतं. थोडा जळका धूर परत आत सोडला की आग निवते आणि ते विष कमी होतं. "मग चांगलंच आहे की," आई म्हणाली होती. "रस्त्याला चांगलं," बाबा म्हणाले. "इंजिनाला नाही. आपलीच काजळी खाऊन खाऊन त्याचा गळा बसतो. पिकअप जातो, तेल काळं पडतं, आणि मग एक दिवस गिऱ्हाईक येऊन माझा गळा धरतं."

त्यावर इलाज होता पट्टी. पत्र्याचा बिस्किटाएवढा तुकडा कापायचा, कडेला दोन भोकं पाडायची, आणि झडपेच्या तोंडाशी आवळून टाकायचा. धुराची परतीची वाट बंद. गाडी अशी पळायची की मालक पेढे नाहीतर निदान शेजारच्याला तरी घेऊन यायचा. बाबांसारखी पट्टी कुणाला कापता येत नसे, आणि गॅरेज त्या पट्टीवर उभं राहिलं होतं. मग एका हिवाळ्यात त्यांनी ती कापणं सोडलं. त्या भांडणाचा तिने फक्त अर्धा भाग ऐकला होता, कारण भोंगाकाका ओरडत होते आणि बाबा नेहमीसारखे हळू बोलत होते. वर खिडकीशी बसून तिला ऐकू येत होतं: "अरे, गिऱ्हाइकाला हवंय ना!" मग शांतता. "धूर बघ की, काचेसारखा स्वच्छ!" मग शांतता. "दिसत नाही तर तुला काय चावतंय?" मग बरीच मोठी शांतता. आठवड्याभरात भागीदारी मोडली, बाबा बसच्या डेपोत नोकरीला लागले आणि त्यांनी घर बदललं. मधल्या शांततांमध्ये ते काय म्हणत होते, हे तिने कधी विचारलं नाही. नंतर विचारण्यासारखं वय झालं तेव्हा बोलण्यासारखी इतर पुष्कळ कामं निघाली होती.

"आता दोन रस्ते," भोंगाकाका म्हणाले. "घासून साफ करून परत बसवतो, तासाभराचं काम. नाहीतर पट्टी मारतो, पाच मिनिटांचं. पट्टी मारली तर पुन्हा कधी म्हणजे कधी असं होणार नाही, लिहून देतो. घासून बसवली तर होणार. कधी, ते देव जाणे."

"बोगद्यात होईल?" तिने विचारलं.

"त्याला काय कळतंय बोगदा आहे का बाजार आहे. चढावर होईल. जोर लागला की होईल."

"पट्टी मारा," आई म्हणाली. ती खुर्चीवर ताठ बसली होती, पिशवी पोटाशी धरून.

"आई, बाबांनी—"

"तुझ्या बाबांची तत्त्वं मांडीवर घेऊन मी बोगद्यात बसू? मला डोळे हवेत. तुझा चेहरा अजून कडेने का होईना दिसतोय, तो मला हवाय. मारा हो भाऊजी पट्टी."

तिला आईचं म्हणणं एका क्षणात पटलं, आणि इतकं पटलं की तिला हायसं वाटलं. पुन्हा कधी म्हणजे कधी नाही. हे वाक्य किती दिवसांत कुणी तिला दिलं नव्हतं. दवाखान्यात तर कुणीच नाही. बाबांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं जून झालीत, कामधंदा काय करायचे? डिझेल मेकॅनिक. डॉक्टरांनी मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला आजवर कळलं नव्हतं. सायलेन्सरशी वाकून, तळवा धुरात धरून, तो नाकाशी नेऊन इंजिनाचं दुखणं ओळखायची बाबांची रीत होती. हजार गाड्यांचा धूर त्यांनी असा हुंगला असेल, पट्टीवाल्यांचा आणि बिनपट्टीच्यांचा. शेवटी शेवटी त्यांना पिशवीचा मास्क लावला होता. त्याच्या कडेला रबराच्या पातळ चकत्या होत्या, श्वास सोडला की उघडायच्या, घेतला की मिटायच्या. त्या अवस्थेतही त्यांनी बोटाने त्या चाचपून पाहिल्या, थोडा वेळ विचार केला, आणि मास्क जरासा उचलून तिला म्हणाले, "यात ईजीआर नाही." ती हसली होती. नंतर जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली होती, ओंजळ तोंडावर धरून, बोटांत फट ठेवून.

भोंगाकाका पत्रा शोधायला आत गेले नाहीत. झडप हातात घेऊन तिथेच उभे होते. नखाने त्यांनी तो काळा थर थोडा खरवडला, खालचा धातू लागला. चकचकीत.

"वहिनी," ते म्हणाले, आणि तिने त्यांना इतक्या कमी आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "ही किती वर्षांची गाडी? माझ्या हाताखालून याच्या दुप्पट चोंदलेल्या झडपा गेल्यात, निम्म्या वयाच्या गाड्यांच्या. याच्या आत जुनी काजळी नाहीच. हे सगळं इतक्यातलं आहे. म्हणजे तो..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "हे सगळं तो गेल्यानंतरचं आहे."

गॅरेजमध्ये कुणीतरी पाना खाली टाकला, त्याचा आवाज बराच वेळ घुमला. तिला रविवारच्या सकाळी दिसू लागल्या: बॉनेट वर, त्याखाली बाबांची पाठ, शेजारी रॉकेलचा डबा. ती आणि आई खिडकीतून बघून म्हणायच्या, बसले लाडक्या लेकीजवळ. आवाज नको म्हणून, भाजी निवडायला नको म्हणून जातात, असंच दोघी धरून चालल्या होत्या. आणि बाहेर कुणी विचारलं की अभिमानाने सांगायच्या, आमची गाडी कधी म्हणून बिघडत नाही हो. बाबा गेल्यावरही त्याच भरवशावर चालवत राहिल्या. न बिघडणं हा गाडीचा स्वभाव आहे असं त्यांना वाटत होतं.

आईने हात पुढे केला. "बघू." भोंगाकाकांनी झडप तिच्या हातात दिली. आईने ती डोळ्यांसमोर धरली नाही. बोट आत घातलं, फिरवलं, काळं झालेलं बोट नाकाशी नेलं. मग ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"माझे जुने दात घासायचे ब्रश जातात कुठे म्हणून मी हिच्यावर ओरडायचे," आई म्हणाली.

"आणि मी तुझ्यावर," ती म्हणाली.

"काका," मग तिनेच विचारलं, कारण आता न विचारता निघणं शक्य नव्हतं, "तेव्हा तुम्ही भांडलात. तुम्ही काय म्हणालात ते सगळ्या गल्लीला माहितीये. बाबा काय म्हणाले होते?"

भोंगाकाकांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं. "काही नाही. मी इतकं बोललो आणि त्याचं आपलं एकच. वर खिडकी आहे." त्यांनी मान वर केली नाही. "दर वेळी तेवढंच. वर खिडकी आहे. मी म्हटलं, अरे मग खिडकी लाव. तर उठून गेला."

ती वर पाहत होती. टॉवेल कुणीतरी आत घेतला होता. खिडकी उघडीच होती. तिथून खालचं किती स्पष्ट ऐकू यायचं हे तिला ठाऊक होतं, आणि आता ऐकू न येणारं काय काय वर यायचं तेही. त्या हिवाळ्यानंतर, घर बदलल्यावर, तिच्या संध्याकाळच्या धापा कमी झाल्या होत्या. वयाने होतं असं सगळे म्हणाले. असेलही. ते कुणाला सिद्ध करता आलं नसतं, बाबांनाही नाही, आणि म्हणूनच बहुधा ते हळू बोलत होते. बोगद्यातला तो माणूस तिला आठवला, डोळे मिटून हात हलवणारा. त्याच्यावरून काळा धूर गेला म्हणून तिला दिसला होता. पट्टी मारली की तो काळा धूर जाणार नाही, आणि तिला तो माणूसही दिसणार नाही.

पण भीती कुठे जात नव्हती. ती तशीच होती, हिसक्याच्या तयारीत. तिने आईकडे पाहिलं. घासूनच बसवू या, असं म्हणायचं धैर्य तिला होत नव्हतं, कारण डोळे आईचे होते.

"एखादा ब्रश आहे का हो भाऊजी?" आई म्हणाली. "घरी परत जाऊन येण्यात दिवस जाईल."

तिनेच घासलं. भोंगाकाका शेजारी उभं राहून ओरडून सूचना देत होते, अगं जोर लाव, तो काय काचेचा आहे, आणि रॉकेल काळं होत होतं, ओतलं की पुन्हा काळं होत होतं. आधी सगळ्यात वरचा, मऊ थर निघाला, कालचा, बोगद्यातला. मग पावसाळ्याचा. सगळ्यात खालचा कडक होता, पापुद्र्यासारखा, आणि तिथे तिचा हात थांबला. कडेला एक लहानसा ओरखडा होता, ब्रशच्या दांड्याचा. हा थर बाबांनी शेवटचं बॉनेट मिटलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा. दवाखान्यात त्यांना नेलं ती फेरीही यातच असणार. कात्री थांबायची तसा ब्रश थांबला. मग तिने तो चालवला, कारण हे ठेवून चालणार नव्हतं. खालून धातू निघाला, उजळ, थंड, आणि त्यात तिचं तोंड वाकडं दिसलं.

ठरलेल्या सकाळी बोगद्याच्या तोंडाशी तिचे हात पुन्हा ओले झाले. आईने काच वर केली. बाबा करायचे तसं तिने बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं बटण दाबलं, आणि दोघी एकमेकींच्या हवेत बसल्या. ट्रक मागे होताच. बोगद्यात ट्रक नेहमी मागे असतोच. चढ सुरू झाला. तिने पाय दाबला, इंजिनाचा आवाज जाड झाला, आणि तिच्या अंगाचा कण न् कण त्या आवाजात खोट शोधू लागला. आता. नाही. आता. जिथे हिसका बसला होता तिथल्या भिंतीवर पाण्याचा एक ओघळ होता, तो जवळ येत होता. पिवळं जाकीट दिसलं. तो भिंतीशी वाकून काहीतरी गोळा करत होता. गाडी गेली तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं की नाही, हे तिला आरशात कळलं नाही. ओघळ मागे गेला. गाडी चढतच होती. पुढच्या महिन्यातही हा चढ असेल, त्याच्या पुढच्याही, आणि दर वेळी तिला असंच वाटणार होतं, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. आणि रविवारही येत राहणार होते.

"तू श्वास घेत नाहीयेस," आई म्हणाली. ती समोर बघत होती, तिच्या त्या डागाकडे.

"घेतेय."

"मला ऐकू नाही आला."

समोर, फार लांब, बोगद्याचं दुसरं तोंड नाण्याएवढं दिसत होतं. तिने तोंड उघडलं आणि आईला ऐकू जाईल असा, मोठ्याने, श्वास घेतला. मग सोडला. आईने मान डोलावली, आणि पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली.